दुसरं ताट

आठ वाजायला पाच मिनिटं होती आणि ऊ सेन टिन गल्लीतल्या दॉ न्वेच्या पायरीशी चपला काढत होता. मागून चहावाल्यानं मुद्दाम ऐकू जाईल असं म्हटलंच, "विचारा, विचारा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ."

ऊ सेन टिन म्हणजे निवडून आलेल्या पक्षाचा त्या पेठेतला चिटणीस. लष्करानं सरकार उलथवलं, निवडून आलेली माणसं तुरुंगात कोंबली, मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा पक्षानं निरोप धाडला, रोज संध्याकाळी आठाच्या ठोक्याला घराघरातून भांडी वाजवा. मंडालेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. घरात पीडा शिरली की भांडी बडवून तिला हाकलायचं, ही पणजी-खापरपणजीपासूनची रीत. त्या आवाजापुढं भूत म्हणू नका, प्रेत म्हणू नका, काही टिकत नाही. यंदा पीडा गणवेश घालून आली होती, एवढंच.

सगळी गल्ली वाजवायची. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं ऊ सेनचं घर. त्याची मुलगी सू म्याट नऊ दिवसांपूर्वी मोर्च्यातून उचलली गेली होती. त्याच ट्रकमध्ये दॉ न्वेचा मुलगा मिन खाँही होता. आणि तरी दॉ न्वेचं घर गेल्या चार संध्याकाळी मुकं राहिलं. लोकांना ते खुपलं. विधवा बाई, एकुलता एक पोर, केला असेल सौदा. ऊ सेननं आज नुसती मान हलवली असती, तर उद्यापासून तिला गल्लीत कुणी चिमूटभर मीठ दिलं नसतं. त्याला तसं करायचं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्याच्याही पोटात जळत होतं. तिचा सुटला असेल, तर माझी का नाही?

तो रोज सकाळी तुरुंगाच्या फाटकावर डबा घेऊन जाई. भात आणि मुरवलेल्या चहापानांची कोशिंबीर, शेंगदाणे न घालता. सू म्याट लहानपणापासून शेंगदाणे वेचून ताटाच्या कडेला रांगेनं मांडायची आणि आईची बोलणी खायची. डबा आत घेतला की समजायचं, पोरगी आत आहे. काल डबा परत आला. "दुसरीकडं हलवली असेल," असं तो बायकोला म्हणाला, आणि संध्याकाळी त्यानं कढई अशी बडवली की तिला पोचा पडला.

दॉ न्वेचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज येत होता, हलका, पोरांना वाढताना असतो तसा. "सावकाश खा. मासळीत काटे आहेत."

म्हणजे पोरगा घरात आहे तर. ऊ सेनचं डोकं फिरलं. तो तसाच आत घुसला.

आत दॉ न्वे एकटीच होती. चटईवर बुटकं गोल मेज होतं आणि मेजावर दोन ताटं. एकात भात आणि मासळीचा रस्सा, त्याशेजारी घडी घातलेली पुरुषाची लुंगी. खिडक्यांवर आतून जाड कांबळी ठोकलेली होती.

"मिन खाँ कुठंय?"

"हा काय, बसलाय की," दॉ न्वे म्हणाली. "या, तुम्हीही बसा."

"दॉ न्वे, मी चेष्टा करायला आलेलो नाही. बाहेर लोक काय काय बोलतायत, कानावर येतंय ना? कधी सोडलं त्याला? लपवलाय कुठं?"

"सोडतात कसले. चार दिवस झाले, मला बोलावून ही लुंगी हातात दिली. कागदावर सही घेतली. हृदय बंद पडलं म्हणाले. एकवीस वर्षांच्या पोराचं हृदय. प्रेत दाखवलंसुद्धा नाही." तिनं ताटावरची माशी उडवली. "गेलेलं माणूस सात दिवस घरातच असतं, ऊ सेन. तुमची आई गेली तेव्हा तुम्हीच तिच्यासाठी पाण्याचं मडकं भरून ठेवलं होतंत. मी भांडं वाजवलं असतं, तर माझं पोरही बाहेर गेलं असतं. आठव्या दिवशी वाजवीन. असं वाजवीन की त्यांच्या छावणीत ऐकू जाईल. तोवर मला काही मागू नका."

ऊ सेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो चटईवर बसला. "मला तरी सांगायचं होतंत."

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही आशेवर होतात."

"मी बघतो," तो उठत म्हणाला. "तुमच्या वाटेला कुणी जाणार नाही." आणि उठता उठता त्याची नजर दुसऱ्या ताटावर गेली. ते दॉ न्वेचं असेल असं त्यानं धरलं होतं. पण ती तर मेजाच्या पलीकडं बसली होती. त्या ताटात मासळी नव्हती. चहापानांची कोशिंबीर होती. ताटाच्या कडेला शेंगदाणे होते, एकेक वेचून रांगेनं मांडलेले.

बाहेर आठ वाजले. पहिली कढई वाजली ती त्याच्याच घरातली. पोचा पडल्यापासून तिचा आवाज लांबूनही ओळखू येई. मग सगळी गल्ली उठली. दॉ न्वेनं लगबगीनं जाऊन खिडकीचं कांबळं दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि मागं न बघता म्हणाली, "बस गं, बस. इथं नाही काही होत."

"दॉ न्वे," ऊ सेनचा आवाज त्याचा त्यालाच परका वाटला, "हे ताट कुणाचं?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. सांगावं की नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं असावं.

"कालपासून येते," ती म्हणाली. "तुमच्या दारापर्यंत जाते बिचारी. पण तिथं भांडी फार वाजतात, आत शिरता येत नाही म्हणते."