मध्ये पडायचं नाही

मानसशास्त्राच्या सरांनी प्रात्यक्षिक घरीच करायला सांगितलं होतं. रात्री जेवताना घरातली माणसं कशी वागतात, ते एका बाजूला बसून टिपायचं. नियम एकच : निरीक्षकाने मध्ये पडायचं नाही.

वर्गात मुली मोजून सहा. पाच जणींनी पानंच्या पानं भरून आणली. सहावीचं टिपण अर्ध्यातच थांबलं होतं. शेवटची ओळ होती, ‘आईने टीव्हीचा आवाज कमी केला म्हणून बाबांनी तिच्यावर हात उगारला.’

“पुढे काय झालं?” सरांनी विचारलं.

“पुढे मी उठले आणि बाबांचा हात धरला.”

“म्हणजे प्रयोगाची वाट लावलीस! अगं, निरीक्षकाने भिंतीसारखं बसायचं असतं.”

“हिच्या भिंतीला हात फुटले, सर!” मागून एक जण म्हणाली. वर्ग खदखदून हसला. सरही हसले.

“नियम मोडलास. आता मार्क कसे देऊ मी तुला?”

“नका देऊ, सर,” ती शांतपणे म्हणाली. “पण कळायला लागल्यापासून मी रोज रात्री हाच प्रयोग करत आलेय. नियम काल पहिल्यांदा मोडला.”