आम्रपालीची बस

फोन-टीव्हीच्या उपग्रहाचा मूळ सांगाडा, ज्यावर बाकीची सगळी यंत्रं चढवतात, त्याला इंजिनिअर 'बस' म्हणतात. आम्रपाली सहा वर्षं बंगळुरात त्या बसवरच काम करत होती. इकडे गावी, उकव्यात, तिची आई शेवंताबाई मात्र भेटेल त्याला सांगायची, "माही पोरगी बसच्या कारखान्यात हाय."

खाणीतून रिटायर झालेला बाप, चैतराम, फोनवर दर वेळी चिडवायचा, "मंग तुही बस उकव्याले कधी येते, बाई?"

"आधी सुटू तं द्या, बाबा! मंग जंगलातबी फोन लागन तुमचा."

उड्डाणाआधी तीन दिवस टीममधल्या सगळ्यांचे फोन जमा करून घेतले होते. चौथ्या दिवशी सकाळी रॉकेट तिच्या बसला घेऊन वर गेलं. टाळ्या, मिठ्या, रडारड. फोन हातात पडताच एकही मेसेज न उघडता तिने घरी लावला आणि ओरडलीच,

"माय, माही बस सुटली!"

पलीकडून "हौ बाई," एवढंच ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

* * *

अंगणात, कालपासून लेकीसाठी थांबवून ठेवलेल्या चैतरामच्या तिरडीजवळून शेवंताबाई उठली आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "उचला जी आता. नाही पोचत थे. पोरीची बस सुटली."