तानाबाईचे आभार

गॅसवर दूध वर आलं होतं, पण समताचं लक्ष दुधाकडे नव्हतंच. बाहेरच्या खोलीत सासूची सकाळची वंदना संपली होती आणि आभार सुरू झाले होते.

तानाबाईची ही जुनी सवय. बुद्धाच्या तसबिरीपुढे वंदना झाली की हात तसेच जोडलेले ठेवायचे आणि काल ज्यानं ज्यानं आपलं काही केलं, त्याची आठवण काढायची. नळ सोडणाऱ्याची झाली. धाडच्या बाजारातून येताना जीपमध्ये सरकून जागा देणाऱ्या बाईची झाली. शेजारच्या मनकर्णाबाईनं वाटीभर कढी दिली, तिची झाली. दूध देणाऱ्या शेळीचीसुद्धा झाली.

"अन् मनालीचे लय उपकार. तिनं काल फोन केला, तब्येत इचारली."

झालं. समताच्या अंगाचा तिळपापड झाला आणि इकडे दूधही उतू गेलं.

मनाली ही तिची थोरली जाऊ, जालन्याला राहणारी. सणासुदीला यायची, सफरचंदाची पिशवी ठेवायची, सासूसमोर खुर्ची टाकून गोड गोड बोलायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. तेवढ्यावर पुढचे कित्येक दिवस तिचं नाव वंदनेनंतर निघायचं. सासूचं न्हाणं, औषध, अंथरूण, सगळं समताच्या हातचं. पण या घरात आल्यापासून तिचं नाव त्या जोडलेल्या हातांत एकदाही आलं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं, रवीचंही कधी आलं नव्हतं म्हणा, पण पोटच्या पोराला त्याचं काही वाटत नव्हतं.

समताच्या वाट्याला काय, तर भाकर करपली, पाणी गार आहे, इतका वेळ कुठं होतीस. जेवण झालं की म्हातारी ओला हात सरळ समताच्या पदराला पुसायची, विचारणं नाही की काही नाही. मनाली जेवून उठली की मात्र ‘तिले टावेल दे वं’ म्हणून हुकूम सुटायचा.

एकदा जेवताना समतानं नवऱ्यापुढे हे सगळं ओकून टाकलं. रवी धाड-बुलढाणा जीप चालवायचा, दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकून यायचा. तो हसला.

"तुले काऊन त्या शेळीच्या लाइनीत उभं राहाचं हाय?"

समताला हसू आलं नाही. तिला त्या लाइनीत उभंच राहायचं होतं, आणि तेही मनालीच्या पुढे.

मग तिनं ठरवलं, मनालीसारखंच वागायचं. सकाळची कामं उरकली की ती वेणीफणी करून, इस्त्रीची साडी नेसून सासूसमोर खुर्ची टाकून बसू लागली. बाजारातून स्वतःच्या पैशानं सफरचंदं आणू लागली. करवादणं बंद केलं. म्हातारीनं डाळीत चहापत्ती टाकली तरी ती काही बोलली नाही, फक्त डाळ फेकून दिली. म्हातारी परीक्षा पाहते आहे, तर पाहू दे.

मध्येच मनकर्णाबाईनं सांगितलं, बुढी हल्ली आमच्याच ओसरीवर येऊन बसते, उठ म्हटलं तरी उठत नाही. समताला तेही झोंबलं. घरात इतकं करूनसुद्धा हिला लोकांच्या ओसऱ्या गोड लागतात. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम अंबाडीची भाजी आणि ज्वारीची गरम भाकर केली, सासूच्या जिवाची आवड.

आणि हळूहळू गुण येऊ लागला. पाणी गार असलं तरी म्हातारी कुरकुर करेना. भाकर कडेनं करपली होती, तीही गुमान खाल्ली. एक दिवस समता ताट घेऊन आली तर तानाबाईनं सावरून बसत खाटेवर जागा केली आणि बसा म्हणाली. चक्क बसा! समता मनातून इतकी फुलली की तिला घास भरवताना हसू आवरेना. जेवण झाल्यावर म्हातारीनं तोंड धुतलेला ओला हात समताच्या पदराला पुसला नाही. स्वतःच्या लुगड्यालाच पुसला, जरा संकोचून.

आता सासूला सुनेची किंमत कळली, असं समतानं रवीला ऐकवलं. पुढच्या खेपेला मनाली आली की तिच्यासमोरच आपलं नाव निघावं, एवढीच तिची इच्छा उरली होती. जावेचं तोंड कसं होईल, हे ती भांडी घासता घासता पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणायची आणि तिला गार वाटायचं.

मनाली यायच्या आधीच तो दिवस उजाडला. वंदना झाली. समता नेहमीसारखी गॅसपाशी कान देऊन उभी होती. नळवाला झाला, शेळी झाली. मनालीचं नाव आलंच नाही. म्हातारी थोडी थांबली, जणू काही आठवत होती.

"अन् मले रोज न्हाऊ घालते, हातानं चारते, पाय दाबून देते, तिचे लय लय उपकार."

समतानं गॅस बंद केला. इतक्या वर्षांची जळजळ एका क्षणात निवली. मनालीनं कधी एक तांब्या तरी ओतला होता का म्हातारीच्या अंगावर? हे उपकार तिचेच होते, निव्वळ तिचे. ती पदरानं डोळे पुसत बाहेर आली आणि सासूच्या समोर खाली बसली.

तानाबाईनं जोडलेले हात तसेच तिच्याकडे वळवले. बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमी कोनाच्या हो बाई? परक्या असून लय केलं माह्यासाठी. पन आता जा तुमी घरी, तुमचे लेकरं वाट पाहत असतीन. माही समता येतच असन."