चर्चची नवी पायरी

डॉर्सेटमधल्या आमच्या खेड्यातलं नवं चर्च अजून उघडायचं होतं. पाथरवटांच्या रिवाजाप्रमाणे तळाला माझी खूण कोरून शनिवारी मी दाराची पायरी बसवली. सोमवारी पाहतो तर ती मधोमध झिजलेली, शेकडो वर्षं माणसांची ये-जा झाल्यासारखी.

"दगड आणलास की लोणी, जेबेझ?" मुकादम टकेट हसले.

"अहो, दोन छिन्न्या बोथट झाल्या त्याच्यापायी!"

"मग उलटी करून बसव. जुन्या पायऱ्यांचं आपण तेच करतो. बिशप यायच्या आत उरक."

आम्ही दोघांनी पहार घालून पायरी उलटवली. टकेट हसायचे थांबले.

माझी खूण पार पुसली गेली होती. मातीकडची बाजू वरच्यापेक्षा जास्त झिजली होती.