खिळ्यांची रांग

"अहो भाऊ, जेट्टीकडे कुठून जायचं?" नवऱ्यानं सकाळपासून तिसऱ्या माणसाला विचारलं, तेव्हा बायकोला हसूच आलं. हा गृहस्थ उभ्या जन्मात कुणाला रस्ता विचारणारा नव्हे. एकदा अख्खं वऱ्हाड भलत्याच गावी नेऊन पोचवलं होतं, पण तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र घडोघडी विचारपूस. आणि जेट्टी तर उताराच्या टोकाला ढळढळीत दिसत होती.

"समोरच तर आहे," ती म्हणाली.

"असू दे गं. नवख्या गावात विचारलेलं बरं."

टोपीसुद्धा आजचीच. बसमधून उतरल्या उतरल्या घेतली, कपाळ झाकेल अशी. ऊन लागतं म्हणे! पंपांचे सुटे भाग विकत उन्हातान्हात हिंडणाऱ्या माणसाला ऊन लागतं! पण जाऊ दे. जुनी लाकडी जेट्टी आता पाडणार, असं पेपरात आलं तेव्हापासून तिनं हट्ट धरला होता, आणि 'काय बघायचंय त्या कुजक्या लाकडांत' म्हणत दोन रविवार टाळून तो शेवटी आला होता. आला हेच खूप झालं.

दीपगृह बघून झालं, दोरखंडांच्या दुकानात उगाच भाव विचारून झाले. "बाजारातून नको, गर्दी असते," म्हणत त्यानं तिला मागच्या गल्लीनं आणलं. त्याआधी दीपगृहाच्या जिन्यावर एक चिमुरडी घाबरून अडकली होती. बायकोनं तिला उचलून खाली तिच्या आईकडे दिलं. नवरा चार पायऱ्या लांब उभा राहिला.

"मला नाही बुवा लहान मुलांचं जमत," तो म्हणाला. नेहमीचंच वाक्य. याच वाक्यावर तिनं मूल दत्तक घ्यायचा विषय कायमचा मिटवला होता. जमत नाही म्हणतो तर जमत नसेल, काय करणार? जबरदस्तीनं का कुणी बाप होतं?

जेट्टीच्या तोंडाशी तो तिकिटाच्या खिडकीकडे गेला. स्टुलावर बसलेल्या राखणदारानं बायकोच्या पायांकडे बघितलं.

"ताई, पहिल्यांदाच आलात ना?"

"कसं ओळखलंत?"

"फळीच्या मधोमध उभ्या आहात म्हणून. खिळ्यांच्या रांगेवरून चाला. खिळे आहेत तिथं खाली तुळई असते. मधल्या लाकडाचा आता काही भरवसा नाही."

"मग पाटी लावा की!"

"गावातल्यांना पाटी लागत नाही, ताई, आणि पाहुणे वाचत नाहीत." राखणदार स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसला. "आमची पोरं पाऊल टाकायला शिकतात तीच खिळ्यांवर."

ही गंमत नवऱ्याला कधी सांगते असं तिला झालं. तो तिकिटं घेऊन आला आणि थांबलाच नाही, थेट पुढं निघाला.

"अहो, ऐका तरी! तिथून नका—"

पुढचे शब्द तोंडातच राहिले. त्याची पावलं खिळ्यांवर पडत होती. एकामागून एक, बरोबर खिळ्यांवर. नजर लांब समुद्रावर, हात मागं बांधलेले, चाल रमतगमत. ती मान मोडेपर्यंत खाली बघत होती तरी तिचा पाय चुकत होता. एका जागी खिळ्यांची रांग तुटून वीतभर डावीकडे सरकली होती. तिथं त्याचा पायही डावीकडे सरकला. खाली न बघता.

तिनं खालची रांग पुन्हा बघितली, मग त्याचे पाय.

आला असेल कामानिमित्त एकदा, सांगायचं राहून गेलं असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. दर महिन्याला दोन दिवस जायचा, पण तो डोंगराकडच्या गिऱ्हाइकांकडे. बुटांतून वाळू निघायची. नदीची आहे, असं तो सांगायचा आणि ती बूट झटकून ठेवायची. स्वतःच्या हातांनी! एकदा येऊन गेलेल्या माणसाचे पाय असे पडत नाहीत, हे तिला कळत होतं, आणि कळूनही ती त्याच्या मागं मागं खिळे मोजल्यासारखी चालत होती.

पुढं दोन फळ्या गळून पडल्या होत्या. भगदाडातून हिरवं पाणी वर उसळत होतं. मोठ्या माणसानं एक ढांग टाकली की पार.

नवरा कडेला थांबला. वारा छान सुटला होता, टोपी त्यानं केव्हाच काढून खिशात कोंबली होती. समुद्राकडे बघता बघता तो जरासा डावीकडे वाकला आणि त्याचा डावा हात आपसूक बाजूला गेला. बायकोचा हात असतो त्या उंचीवर नाही. त्याच्या बराच खाली, गुडघ्याच्या जरा वर. बोटं अर्धवट मिटलेली, धरायला तयार.

"एक, दोन..." तो पुटपुटला.

तीन त्याला म्हणता आलं नाही. तो तसाच थिजला.

बायको मागं खिळ्यांवर उभी होती. तिला ओरडावंसं वाटलं, त्याला धरून गदगदा हलवावंसं वाटलं. पण आवाज निघाला तो अगदी साधा, शेजारच्या घरची चौकशी करावी तसा.

"जमतं का आता उडी मारायला? की अजून घाबरतं?"

"कोण? काहीतरीच काय बोलतेस?" तो वळून म्हणाला.

हात मात्र अजून खालीच होता.