दोनची बस

“आज कोणता बहाणा आहे तुमच्याकडे?” मालतीबाईंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं. त्यांचे दोन्ही हात आंबे पिळण्यात गुंतले होते.

शालिग्राम सर बाहेरच बघत होते. खिडकीतून त्यांना शनवाऱ्याच्या नाक्यावर रिक्षातून उतरणारा जावई दिसत होता. हातात पिशवी, पायात पॉलिश केलेले बूट. पंकजराव प्रतिभेला घ्यायला पाचव्यांदा आले होते, आणि सरांकडची कारणं चारातच संपली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली लेक आठ-दहा दिवसांत परत जाते. प्रतिभेला महिना होऊन गेला होता. पहिल्यांदा जावई आले तेव्हा नेमका बुधवार निघाला, आणि बुधवारी काही लेक पाठवत नाहीत. दुसऱ्यांदा घरात कुरडयांचा घाट होता. तिसऱ्यांदा प्रतिभेच्या मावशीचे गुडघे धरले. चौथ्यांदा देवानंच अमावस्या दिली. दर वेळी सरांनी जावयाला आग्रह करकरून मांडे आणि आमरस वाढला, स्वतः स्टँडवर नेलं आणि राज्याच्या सीमेपलीकडे जाणाऱ्या दोनच्या रावेर बसमध्ये बसवलं. बस हलेपर्यंत त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही. इतक्या मायेनं निरोप देणारा सासरा अख्ख्या रावेरात कुणाला नसेल.

खरं कारण मैदानावर होतं. सर खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले, पण शनवाऱ्याच्या मुलींचा बेसबॉलचा संघ काही त्यांच्याकडून सुटला नाही. बावीस वर्षांत तो संघ इंदूरच्या राज्य स्पर्धेपर्यंत एकदाही पोचला नव्हता. यंदाच्या लीगमध्येही पहिले तीन सामने सपाटून हरले होते. मग आखाजी आली, प्रतिभा आली, आणि सरांनी तिला चहाच्या आधी बॉल दिला. लग्न झालं म्हणून हात थोडाच बदलतो? पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत तीच टाकायची. समोरच्या पोरींची बॅट फिरेस्तोवर बॉल मागच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसलेला असायचा. ती आल्यापासून चारात चार सामने जिंकले.

आज पाच वाजता सिंधीपुऱ्याच्या संघाशी शेवटचा सामना होता. जिंकलं तर इंदूर. हरलं तर पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायचीही सोय नव्हती. पुढच्या आखाजीला प्रतिभेच्या कडेवर कुणी असेल की नाही, हे कुणी सांगावं? त्यात जावईही दर वेळी योगायोगानं सामन्याच्याच दिवशी यायचे, म्हणून त्या दिवशी सर तिला सकाळीच मावशीकडे पाठवून द्यायचे. जावयाच्या नजरेला नजर भिडली आणि पोरगी पिशवी भरायला लागली, तर काय घ्या?

आज मात्र गुरुवार होता. अमावस्या होऊन चार दिवस झाले होते. कुरडया डब्यात जाऊन बसल्या होत्या. आणि मावशी काल बाजारात भाजीवाल्याशी भांडून तीन किलोची पिशवी उचलून चालत घरी आली होती, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं.

“या, या, पंकजराव. ऊन काय म्हणतंय?” सरांनी दारातच पिशवी घेतली.

“घ्यायला आलो होतो,” पंकजराव जमिनीकडे बघून म्हणाले आणि हातपाय धुऊन ताटावर बसले.

माणूस मुळातच कमी बोलणारा. चार वेळा रिकाम्या हातानं परत गेला, पण ना रुसला, ना आवाज चढवला. सरांना त्याचीच जास्त लाज वाटायची. ऐन बियाण्यांच्या दिवसांत आपल्या कृषी केंद्राला कुलूप लावून हा यायचा, आणि आपण त्याला रसाबरोबर थापा वाढायचो. पण इंदूर आठवलं, की ती लाज जरा मागे सरकायची.

रसाची वाटी दुसऱ्यांदा भरली तेव्हा सरांनी घसा खाकरला.

“काय आहे पंकजराव, प्रतिभेला जरा ताप आहे. मावशीकडेच पडून आहे. अशात प्रवास नको, असं आपलं मला वाटतं.”

पंकजरावांचा घास हातातच राहिला. चेहरा पार उतरला.

“ताप? सकाळी फोनवर तर चांगली होती,” ते म्हणाले. “मग आज बॉल कोण टाकणार?”

मालतीबाईंची पळी पातेल्यात पडली. सरांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग छताकडे.

“ताप नाहीये,” शेवटी ते हळूच म्हणाले. “पण बॉलचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

पंकजरावांनी डाव्या हातानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. लीगचं वेळापत्रक होतं. शनवाऱ्याच्या शेवटच्या पाच सामन्यांभोवती पेनानं गोल केलेले होते. त्यातल्या चारांवर फुल्या होत्या.

“तारखा प्रतिभेनंच दिल्या, मामा. ती म्हणायची, बाबांना तुम्ही सांगा. मी म्हणायचो, तू सांग. यातच चार सामने गेले.” त्यांचे कान लाल झाले. “बायकोचा खेळ बघायला आलोय, हे जावयानं सासरवाडीत कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून म्हणायचो, घ्यायला आलो.”

मालतीबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. सरांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. मैदानावर जाऊन पट्टे आखायचे होते, म्हणून ते उठले आणि त्यांनी खुंटीवरची टोपी काढली.

पंकजरावांनी दोन्ही हातांनी ताट धरलं.

“मामा,” ते म्हणाले, “आज तेवढं दोनच्या बसमध्ये बसवू नका.”