झेंडूतला मळकट पिवळा

दोन पावलं मागं सरून निशिगंधानं चित्राकडं पाहिलं. झेंडूच्या पिवळ्या-केशरी ठिपक्यांत एक पाठ दिसत होती. पाठीपुढं खांदा. त्यापुढं दोन कान.

तिनं ते मुद्दाम काढलं नव्हतं. कल्याणहून येऊन सकाळपासून ती वैशाखरे गावातल्या या मळ्यात नुसते रंग उतरवत होती. फुलाला फूल म्हणायचं नाही, दिसेल तो रंग दिसेल तिथं टेकवायचा, ही तिची रीत. जवळून नुसते फटकारे, लांबून बाग. मधल्या ओळीत पिवळा जरा मळकट दिसला, तसाच लावला. त्यावर काळे ठिपके दिसले, तेही लावले.

तिनं मळ्यात पाहिलं. फुलंच फुलं. मग त्यातला एक कान हलला.

बिबट्या!

त्याच ओळीत, थोड्याच अंतरावर, मळ्याची मालकीण बाळी दसऱ्यासाठी फुलं तोडत होती. त्याच्याकडं पाठ करून, वाकून. ओरडलं तर ती पळेल, आणि पळणाऱ्याच्या मागं तो धावतोच, असं निशिगंधानं ऐकलं होतं.

"बाळी, जरा इकडं ये. चक्कर येतेय मला."

"येवढी ओळ तोडते नि येते, बाई."

"नको. आत्ता ये."

बाळीनं तिचा चेहरा पाहिला, टोपली तिथंच ठेवली आणि आली. निशिगंधानं तिचा हात घट्ट धरला, तिला पंपाच्या खोलीत नेलं, कडी लावली आणि मगच सांगितलं. बाळीनं वनखात्याला फोन लावला. नंतर बाहेर पान हललं तरी दोघी एकमेकींना बिलगत होत्या.

बऱ्याच वेळानं वनरक्षक लडकूनं दार वाजवलं.

"या बाहेर. इंजेक्शन दिलंय, झोपलाय तो."

"मी सकाळपासून समोर बसले होते," निशिगंधा म्हणाली. "अंगावर का नाही आला?"

लडकूनं बिबट्याच्या मागच्या पायाकडं बोट केलं. रानडुकरांसाठी कुणीतरी लावलेल्या फासाची तार मांसात रुतली होती.

"येणार कसा? रातभर धडपडून दमला, नि उजाडल्यावर तुमी समोर येऊन बसलात. हललो तर ही मारंल, म्हणून जीव मुठीत धरून पडला होता, बाई."